उजव्या कोपऱ्यात शून्य

११ फेब्रुवारी, मंगळवार

हरली. पुन्हा डावखुरीकडूनच! ६-४, ३-६, ५-७. पहिला सेट खिशात, तिसऱ्यात तीन-तीन, आणि तिथून थेट घरी.

दोघं बहीणभाऊ दुपारी आले. बॅगा दारातच टाकल्या. चिमणी सरळ तिच्या खोलीत. (सहा फुटाला दोन बोटं कमी, वय सत्तावीस, आणि अख्खं घर अजून तिला चिमणीच म्हणतं!) सासूबाई दाराबाहेरून, "दोन घास खाऊन तरी झोप गं." नणंद टेनिसपटू, नवरा तिचा कोच. सामना हरला की आमच्या घरात भांडीसुद्धा आवाज न करता घासावी लागतात.

जेवताना नवऱ्याने माझ्या ताटाशेजारी पेन ड्राइव्ह ठेवला.

"परवाचा पूर्ण सामना आहे. एकेक पॉइंट मोज. काय सापडतं ते सांग. मला सांग, तिला नको."

चार वर्षं झाली मी चिमणीचे सामने मोजते आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तेवढ्या भांडवलावर. एरवी मीच त्याच्या मागे वह्या घेऊन फिरते — अरे, बघ तरी काय निघालंय! आज साहेब आपणहून आले. असू दे. ४ मार्चपासून मोठी स्पर्धा. तीच लाल माती आणि तिथेही डावखुरी असणारच. तीन आठवडे उरलेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहाटेच बसले. कागदावर कोर्ट काढलं, जाळीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा चौकोन. प्रत्येक बॉल कुठल्या चौकोनात पडला, परत गेला का, पॉइंट कुणाला. व्हिडिओ थांबवायचा, लिहायचं, पुढे. डोळे चुरचुरायला लागले.

एकूण २०४ पॉइंट. चिमणीचे १०१, डावखुरीचे १०३. दोन! दोन पॉइंटांपायी सगळ्यांची तोंडं अशी उतरलेली.

नवऱ्याचं म्हणणं, फर्स्ट सर्व्हने घात केला. मोजली. पहिल्या सेटला ६२ टक्के आत, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ६१. कसला घात! आखून ठेवल्यासारखी सरळ. त्याला सांगितलं तर चक्क हसला.

"म्हणजे तुला काही सापडत नाहीये तर."

आणि स्वतः उठून चहा करून आणला! लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या मोजणीप्रमाणे हा चौथा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात सरासरी शिकवताना फळ्यावर सहा चौकोन काढून बसले. पोरं हसली. मीपण हसले, पण हात थांबेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं. किंवा सापडल्यासारखं वाटतंय. घाई नको, बाई.

चिमणीचा मागचा उजवा कोपरा. म्हणजे तिच्या फोरहँडचा, ज्या फोरहँडवर नवऱ्याने दहा वर्षं घाम गाळलाय. पहिल्या सेटमध्ये तिथे २९ बॉल आले, तिने २४ परत टाकले. झकास. दुसऱ्या सेटमध्ये ३३ आले, परत गेले फक्त १४. तिसऱ्यात तीन-तीन होईपर्यंत १२ आले, गेले ४.

डाव्या कोपऱ्यात काहीच फरक नाही! थकली असती तर दोन्हीकडे थकली असती ना?

मग मातीकडे बघितलं. माती खोटं बोलत नाही. पहिल्या सेटमध्ये उजवीकडे तिच्या घसरण्याच्या लांब-लांब रेघा — पाय टाकलाय, हातभर घसरलीय, बॉल मारलाय. दुसऱ्या सेटपासून त्या रेघा आखूड. मग नाहीतच. पोचते आहे, पण उशिरा पोचते आहे. एकदा निघाली की नेहमीच्याच वेगाने पळते. निघतेच उशिरा.

कशाची वाट बघते आहे ती?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज त्याहून विचित्र.

तीन-तीननंतर ४४ पॉइंट खेळले गेले. त्या ४४ पॉइंटांत उजव्या कोपऱ्यात डावखुरीने मारलेले बॉल — शून्य! दोनदा मोजले. सासूबाईंना शेजारी बसवून तिसऱ्यांदा मोजले. त्या दर बॉलला बोट लावत गेल्या. शून्य.

आधीच्या हिशेबाने किमान वीस तरी पडायला हवेत. योगायोग म्हणावा, तर नाणं वीसदा उडवून वीसही वेळा छापा पडण्यासारखं आहे. त्याहून अवघड.

समोरचीचं दार सताड उघडं आहे. दोन सेट त्याच दारातून ये-जा केली. आणि सामना ऐन टोकाला आल्यावर तिकडे फिरकायचंच नाही? कुठला कोच असं सांगेल? डावखुरीचा हात दुखत होता म्हणावं तर बाकी सगळीकडे ठोकतेय!

तीन-तीनचा तो पॉइंट परत-परत बघितला. डावखुरीने उजव्या कोपऱ्यात बॉल टाकला. काही जोराचा नाही, सरावात टाकतात तसला. चिमणी हललीच नाही. बॉल मागे गेल्यावर मान वळवली. मग डावखुरी जाळीपर्यंत आली, काहीतरी बोलली. चिमणीने हात झटकला. आवाज नाही व्हिडिओला. मातीवरच्या खुणेबद्दल वाद असावा. नेहमी होतात.

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं, कोपऱ्याचं आणि शून्याचंही. हातातला घास तसाच धरून ऐकत होता.

"थकली होती ती," म्हणाला.

"एकाच बाजूने थकली?"

"तुझे आकडे तुझ्या कॉलेजात चालतात. मी कोर्टावर उभा होतो." मग घास खाली ठेवून, "हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"आईंनी मोजायला मदत केली."

"बरं. वही माझ्याकडे दे."

दिली. पण रकाने माझ्या डोक्यात आहेत, ते कसे देऊ?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डोक्यात भुंगा. पेपर तपासते आहे आणि उत्तराऐवजी कोपरा दिसतोय. एका पोराला पंधरापैकी चोवीस दिले!

संध्याकाळी कोर्टावर गेले. नवरा बॉल टाकत होता, चिमणी मारत होती. तासभर उभी राहिले. सगळे बॉल डावीकडे नाहीतर मधे. उजवीकडे एकही नाही. मी विचारलं, "उजवीकडे नाही टाकत?" म्हणाला, "आज बॅकहँड." ठीक आहे. बॅकहँडचा दिवस असतो, मान्य.

परत येताना चिमणी फाटकाच्या खांबाला धडकली. उजवा खांदा. "कुणी ठेवलाय इथे हा," म्हणाली. खांब वीस वर्षं तिथेच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मी एक वाईट गोष्ट केली. जेवताना मुद्दाम चिमणीच्या उजव्या हाताला बसले. काही न बोलता तिच्यापुढे मिठाची वाटी धरली, जराशी कडेने. तिने घेतली नाही. पाण्याचा तांब्या धरला. नाही. परत वाटी. असं सहा वेळा. पाच वेळा तिला काही दिसलंच नाही! सहाव्या वेळी बांगडी वाजली, तेव्हा दचकून वळली.

"काय वहिनी, एकदम अंगावर येतेस!"

सासूबाई बघत होत्या. "काय चाललंय तुझं? सारखी मिठाची वाटी काय नाचवतेस?" नवऱ्याने मान वर केली नाही.

सहा म्हणजे काही नमुना नव्हे. वर्गात मीच ओरडते, सहावरून निष्कर्ष काढू नका म्हणून. घरच्या माणसावर प्रयोग करते आहे — लाजही वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं तिला. कोर्टामागच्या खोलीत, रोलर आणि जाळ्या ठेवतात तिथे. ती बुटांतली माती झाडत होती.

"चिमणे, तुला उजवीकडचं दिसत नाही ना?"

बूट आपटायची थांबली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. खाली बसली.

"कुणी सांगितलं?"

"तूच. दोनशे चार वेळा."

मग बांध फुटला. सामन्याच्या आठवडाभर आधी उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके यायला लागले, डासांसारखे. मग अंधारात चमका. सामन्याच्या सकाळी कडेला सावली होती. "पहिला सेट कसाबसा मान वळवून-वळवून खेळले गं. दुसऱ्यात ती सावली आत सरकली. पडदा कुणी ओढतंय असं. आता नाकाच्या दिशेने येतोय, रोज थोडाथोडा."

"डॉक्टर?"

"स्पर्धा झाल्यावर."

"वेडी आहेस का तू!"

"वहिनी, मला सत्तावीस पूर्ण झाली. पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार आहे? बाराच दिवस. मान जास्त वळवते, जमतंय मला." मग माझा हात घट्ट धरला. "दादाला सांगू नकोस. त्याला कळलं तर एक बॉल खेळू देणार नाही. त्याने माझ्यासाठी स्वतःचं खेळणं सोडलं. शपथ घे."

घेतली. काय करणार? हात सोडेचना.

मग डावखुरीला कळलं होतं की काय? कळलं म्हणून तिथे मारायची थांबली? छे. सोळा वर्षं एकमेकींच्या उरावर बसलेल्या बायका. अकराव्या वर्षी पहिल्यांदा भेटल्या तेव्हाही रॅकेट फेकली होती एकीने. कुणी ते दोघी अजून वेगवेगळं सांगतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन तासिकांच्या मधे कॉलेजासमोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या ओळखीच्या एकीचं म्हणून सांगितलं — ठिपके, चमका, पडदा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ही ओळखीची आत्ता कुठे आहे?"

"सरावाला."

"कसला सराव? आत्ताच्या आत्ता आणा तिला! डोळ्याचा आतला पडदा सुटत चाललाय. मधल्या भागापर्यंत सुटला तर मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

बाहेर येऊन पायरीवर बसले. शपथ आणि डोळा. शपथ आणि डोळा. ह्यात मोजण्यासारखं काय होतं? तरी दहा मिनिटं बसले.

दादाला सांगू नकोस, म्हणाली होती. आईला सांगू नकोस असं कुठे म्हणाली? (पळवाट! ठाऊक आहे मला.) घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या विणत होत्या. ऐकल्यावर सुया खाली ठेवल्या, चपला घातल्या आणि चालायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून फाटकापर्यंत न जाणारी बाई! मला मागे पळावं लागलं.

कोर्टाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. चिमणी सर्व्हच्या पवित्र्यात.

"रॅकेट दे इकडे."

"आई, बाजूला हो, लागेल."

"उजवा डोळा उघडा ठेव, डावा झाक. मी किती बोटं धरलीत सांग."

चिमणीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"वहिनी, तू शपथ घेतली होतीस."

"तिच्याशी नंतर भांड," सासूबाई म्हणाल्या. "आयुष्य पडलंय नणंद-भावजयींना भांडायला. आधी गाडीत बस."

नवरा स्पर्धेच्या कागदपत्रांसाठी गावाबाहेर. दवाखान्यातून फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, "किती दिवस विश्रांती सांगितलीय?" हादरला असावा बिचारा. काय विचारावं तेही सुचलं नाही त्याला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन झालं. दोन तास दहा मिनिटं. मधला भाग अजून धरून होता. "आणखी आठवडा गेला असता तर आपण इथे वेगळं बोलत असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कडेची नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. चालेल. सगळं चालेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिमणी माझ्याशी बोलत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उजव्या कुशीवर झोपायचं, रात्रंदिवस. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय, तो वर राहून पडदा दाबून धरतो म्हणे. एवढी ताडमाड मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी दर चार तासांनी थेंब घालते. ती डोळा उघडते, थेंब पडतो, डोळा मिटते. शब्द नाही.

आज थेंब घालून उठले तर मागून आवाज, "डाव्या कोपऱ्यात किती होते?"

"काय?"

"डाव्या कोपऱ्यातून मी किती परत टाकले? सामन्यात."

"अठ्ठावन्नातले सत्तेचाळीस."

"बरे होते की." थोड्या वेळाने, "उशी जरा सरळ कर."

केली. स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाईंनी नळ मोठा सोडला, चिमणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

नवरा दिवसभर कोर्टावरच असतो. खेळायला कुणी नाही, तरी माती लोटत बसतो. बहिणीच्या खोलीत येतो, दारात उभा राहतो, जातो. मी म्हटलं, "बस ना तिच्याजवळ." म्हणाला, "झोपू दे तिला." वाईट वाटलं त्याचं.

२ मार्च, रविवार

दारात डावखुरी! हातात फळांची पिशवी, अंगात सरावाचे कपडे. स्पर्धेला दोन दिवस उरलेले आणि ही तीन तास गाडी चालवत आली.

सासूबाईंनी तिला बघून आधी पदर खोचला. मला वाटलं, झालं आता. तर म्हणाल्या, "आत ये. बारीक झालीस."

दोघी तासभर खोलीत. आधी हसण्याचा आवाज, मग कडाडून भांडण — कुठल्या तरी जुन्या सामन्यातली मातीवरची खूण रेषेच्या आत होती की बाहेर! बारा वर्षांपूर्वीची! चिमणी भिंतीकडे तोंड करूनच भांडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. राहवेना. विचारलं.

"तीन-तीननंतर चव्वेचाळीस पॉइंट झाले. तिच्या उजव्या कोपऱ्यात तू एकही बॉल मारला नाहीस."

"तुम्ही मोजलंत?" ती लाजली. खरंच, एवढी धिप्पाड मुलगी लाजली. "वहिनी, तीन-तीनला मी तिथे साधा बॉल टाकला. ती हललीसुद्धा नाही. बॉल मागे पडला, तेव्हा आवाजाच्या दिशेने बघितलं तिने. मी जाळीपाशी जाऊन विचारलं, दिसत नाहीये का तुला? तर म्हणाली, तू तुझं खेळ. मग काय, खेळले. पण तिकडे हातच वळेना. न दिसणाऱ्या ठिकाणी मारून तिला हरवलं असं मला कुणाला सांगता आलं असतं?"

"तरी जिंकलीस."

"कशीबशी! कोच चार दिवस बोलला नाही माझ्याशी." किल्ली लावता लावता म्हणाली, "बरं झालं, दादांनी वेळेवर नेलं तिला. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. सामना संपल्या संपल्या, पार्किंगमधे. म्हटलं, तिला उजवीकडचं दिसत नाहीये, आधी डोळे दाखवा. ते म्हणाले, लगेच बघतो."

गाडी गेली. मी तिथेच.

सामना ९ तारखेला झाला. पेन ड्राइव्ह माझ्या ताटाशेजारी आला तो ११ तारखेला.

३ मार्च, सोमवार

विचारलं. तो कोर्टावर पाणी मारत होता, पाइप खाली ठेवला नाही.

"हो, माहीत होतं. एवढी स्पर्धा झाली की नेणारच होतो. तुला मोजायला दिलं ते त्यासाठीच — आकड्यांत दिसतंय का ते बघायला. तुला सापडलं नसतं, तर समोरच्यांनाही सापडलं नसतं."

चिमणीला सांगितलेलं नाही. दादाला कळू दिलं नाही म्हणून ती अजून त्याची माफी मागायचं म्हणते आहे.

उद्या दहाला तपासणी. तो म्हणाला, गाडी काढतो. म्हटलं, नको. टॅक्सी सांगितली आहे, आम्हा दोघींना.